शिकवण वेगळी, म्हणून दार बंद?

योहानाच्या दुसऱ्या पत्रातलं दहावं वचन कडक आहे: ख्रिस्ताची शिकवण न आणणाऱ्याला घरात घेऊ नका. हे वचन कुणाही वेगळ्या पंथाच्या माणसाला लावलं जातं. पण आधी सातवं वचन वाचायला हवं. तिथे रोख आहे तो येशू देहाने आला हेच नाकारणाऱ्यांवर. शिवाय त्या काळी मंडळी घरांतच जमायची. त्यामुळे अशा उपदेशकाला घरात घेणं म्हणजे त्याला शिकवायला जागा देणंच होतं.

आपल्या कॅथलिक चर्चनेही हे दार कधी लावलं, कधी उघडलं. 1928 साली पोप अकरावे पायस यांनी 'मोर्तालियुम अनिमोस' या परिपत्रकातून कॅथलिकांना ऐक्य-परिषदांत भाग घ्यायला मनाई केली. 1964 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने इतर ख्रिस्ती लोकांना बंधू म्हटलं आणि ऐक्यासाठी एकत्र प्रार्थना करायला उत्तेजन दिलं. 1999 मध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी तारणाच्या मूळ वादावर आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

म्हणून मतभेद संपले असं नाही. माझी प्रोटेस्टंट मैत्रीण मिस्साला शेजारी बसते, पण कम्युनियन घेत नाही. मला ते टोचतं. तरी नसलेलं ऐक्य दाखवण्यापेक्षा हे बरं. मात्र तिच्याशी मैत्रीच तोडावी, असं हे पत्र सांगत नाही. ते अवघं 13 वचनांचं आहे, आणि इशाऱ्याच्या आधी, पाचव्या वचनात, एकमेकांवर प्रीती करण्याची आज्ञा आहे. पत्र त्याच क्रमाने वाचावं.