अफगाण चर्च : भिंतीवरची नावे



नव्या बाकांचा विषय गेल्या दोन-तीन बैठकांत निघाला. ज्या कुटुंबाने बाक दिला त्याचे नाव बाकाच्या पाठीवर कोरावे का, असा काहींचा प्रश्न आहे. उत्तर देण्यापूर्वी तुम्हांला मुंबईतल्या एका जुन्या चर्चमध्ये घेऊन जातो.

रात्री मिरजेला महालक्ष्मी एक्सप्रेसमध्ये बसलो की सकाळी मुंबई. कुलाब्याच्या टोकाला, नेव्हीनगरच्या बाजूला, झाडांच्या वर एक निमुळता दगडी मनोरा दिसतो. चर्चचे खरे नाव शुभवर्तमानकार संत योहान यांचे. पण सगळे त्याला 'अफगाण चर्च' म्हणूनच ओळखतात. हे आपले कॅथॉलिक चर्च नव्हे. इंग्रजांच्या अँग्लिकन पंथाने ते बांधले आणि आज ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाकडे आहे. १८४७ मध्ये पायाभरणी झाली, ७ जानेवारी १८५८ रोजी बिशपांनी अभिषेक केला. मनोरा मात्र १८६५ मध्ये पुरा झाला. त्याची उंची सुमारे १९८ फूट. समुद्रावरच्या जहाजांना तो लांबून दिसत असे.

आत गेल्यावर आपण इंग्लंडमधल्या एखाद्या खेड्यातल्या धर्मग्राम-चर्चमध्ये आहोत असे वाटते, आणि तसे वाटावे हाच बांधणाऱ्यांचा हेतू होता. १८३९ मध्ये केंब्रिजच्या काही विद्यार्थ्यांनी एक मंडळ स्थापन केले. चर्च बांधायचे तर तेराव्या-चौदाव्या शतकातल्या जुन्या इंग्लिश चर्चसारखेच, असा त्यांचा आग्रह. आता गंमत पाहा. तेराव्या शतकात अँग्लिकन पंथ होता कुठे? आठव्या हेन्रीने रोमशी नाते तोडले ते १५३४ मध्ये. त्याआधीची इंग्लंडमधली सारी जुनी चर्चेस लॅटिन मिस्सेसाठी उभारलेली आहेत. म्हणजे प्रोटेस्टंट तरुण आपल्या पूर्वजांच्या कॅथॉलिक इमारतींकडे वळले होते. त्याच काळात वास्तुकार प्युजिन कॅथॉलिक झाले (१८३५), मग जॉन हेन्री न्यूमन (१८४५). या न्यूमनना २०१९ मध्ये संतपद मिळाले. दगडांनीही काही जणांना वाट दाखवली असेल, असे मला वाटते.

अफगाण चर्चसाठी जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट या नामवंत वास्तुकाराने केलेला आराखडा फार खर्चिक ठरला. मग हेन्री कॉनीबेअर या इंजिनिअरचा आराखडा घेतला गेला. मुंबईला नळाचे पाणी देणाऱ्या विहार तलावाची योजनाही यांचीच. दगड इथलाच, फिकट पिवळसर. जमिनीच्या नक्षीदार फरशा विल्यम बटरफिल्ड यांच्या आराखड्यानुसार इंग्लंडहून आणलेल्या. रंगीत काचा विल्यम वेल्स यांच्या. वेदी पूर्वेकडे, कारण उगवता सूर्य ही पुनरुत्थित प्रभूची खूण. वेदीचा भाग आणि लोकांचे दालन यांच्यामध्ये धातूची जाळी. मधल्या लांबट दालनाला लॅटिनमध्ये 'नाविस' म्हणतात, म्हणजे जहाज; आपली 'नाव' आणि हा शब्द मुळात एकाच घरचे. देवाची प्रजा नावेतून पैलतीराला जाते, असा त्या रचनेचा अर्थ.

आणि या नावेच्या भिंतींवर नावे आहेत. १८३८ ते १८४३ या काळात अफगाणिस्तान व सिंधच्या मोहिमांत जे मेले त्यांचे स्मारक म्हणून हे चर्च उभारले. जानेवारी १८४२ मध्ये काबूलहून माघार घेताना सुमारे साडेचार हजार सैनिक निघाले, त्यांत गोरे जेमतेम सातशे. बरोबर सुमारे बारा हजार नोकरचाकर, बायकामुले. बर्फात, खिंडींत बहुतेक सारे संपले. १३ जानेवारीला जलालाबादला पोहोचला तो एकटा डॉक्टर ब्रायडन. पुढे काही शिपाई आणि कैदी परतले. ती फौज बंगालची होती, पण मुंबईच्या फौजेनेही सिंध, कंदाहार, गझनीकडे माणसे गमावली. त्या फौजेत कोकणातले आणि देशावरचे शिपाई होते, म्हणजे आपलीच माणसे.

चर्चमध्ये नावे आहेत ती अधिकाऱ्यांची. बाकीच्यांविषयी शिलालेखात एवढेच म्हटले आहे, की त्यांची संख्या फार असल्याने नावे लिहिता आली नाहीत. हौद्यातले पाणी काढावे, तंबू ओढावेत, स्वयंपाक करावा, त्या नोकरचाकरांचा तर उल्लेखही नाही. जागा नव्हती हे कारण मला पटत नाही. त्याआधी पाव शतक, १८१८ च्या लढाईनंतर, याच कंपनी सरकारने कोरेगाव भीमाच्या स्तंभावर शिपायांची नावे कोरली होती, 'नाक' हा प्रत्यय लागलेली नावेसुद्धा. करायचे ठरवले असते तर जमले असते.

मी त्या भिंतीसमोर उभा राहिलो तेव्हा राग आला, हे कबूल करतो. मग आपली स्वतःची भिंत आठवली. तत्त्वज्ञानाच्या वर्गात आम्ही घोकत असू, की प्रत्येक व्यक्ती अद्वितीय, दुसरीने तिची जागा भरून निघत नाही. पण ज्याने पैसे दिले त्याचे नाव संगमरवरावर, आणि ज्या बाईने तीस वर्षे वेदीची वस्त्रे धुतली तिचे नाव कुठेच नाही, असे आपणही सहज करतो. उत्तम मेंढपाळ मेंढरांना नावाने हाक मारतो, असे योहानाच्या शुभवर्तमानात आहे. देणगीची पावती पाहून हाक मारतो असे नाही. चौथ्या कृतज्ञतास्तुतीच्या प्रार्थनेत तर ज्यांची श्रद्धा केवळ देवालाच ठाऊक आहे अशा मृतांचेही आपण स्मरण करतो.

म्हणून माझे मत : बाकांवर कोणाचेही नाव नको. देणगीची नोंद हिशेबाच्या वहीत राहील, ती कोणीही पाहावी. ज्यांना हे पटत नसेल त्यांनी पुढच्या बैठकीला जरूर यावे आणि मोकळेपणाने बोलावे.

धर्मग्रामाची मृत्युनोंदवही ठेवणे ख्रिस्तसभेच्या कायद्यानेच (कलम ५३५) आवश्यक आहे. पण ज्यांचे दफन दूर कुठे झाले, जे परगावी कामाला जाऊन परतलेच नाहीत, ज्यांचा स्नानसंस्कार झाला नव्हता पण जे आपल्या घरचेच होते, त्यांची नावे त्यात सापडत नाहीत. नोव्हेंबरभर वेदीजवळ एक साधी वही ठेवलेली असेल. त्यात अशी नावे लिहावीत. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी मिस्सेनंतर माझ्याकडे यावे, मी लिहून घेईन. पूर्ण नाव आठवत नसेल तर घरात जी हाक मारत होता तीच सांगा. महिन्याच्या शेवटच्या रविवारी ती सारी नावे वेदीवरून वाचली जातील. त्या दिवशी मिस्सा थोडी लांबेल.