वाऱ्यावरची चकती

(डिस्क गोल्फ हा खेळ आपल्याकडे फारसा परिचयाचा नाही. या खेळाला महागडे साहित्य लागत नाही. मात्र वाऱ्याचा स्वभाव ओळखावा लागतो आणि स्वतःशी प्रामाणिक राहावे लागते. या खेळाचा जन्म कसा झाला आणि उघड्या टेकडीवर तो कसा खेळतात, याची माहिती या पाठात दिली आहे.)

डब्याचे झाकण किंवा पत्र्याची थाळी हाती आली, की ती भिरकावून पाहण्याचा मोह कोणाला होत नाही? थाळी गरगर फिरत जाते, हवेत थोडी उचलली जाते आणि मग एका बाजूला कलत खाली उतरते. मुलांच्या अशाच गमतीतून पुढे एक खेळ तयार झाला. त्याचे नाव डिस्क गोल्फ. डिस्क म्हणजे चकती.

अमेरिकेतील ब्रिजपोर्ट या गावी १८७१ मध्ये फ्रिस्बी नावाच्या गृहस्थांनी बेकरी सुरू केली. तेथील पदार्थ पत्र्याच्या उथळ थाळीत मिळत. पदार्थ खाऊन झाला, की कॉलेजातील मुले त्या रिकाम्या थाळ्या एकमेकांकडे फेकत. १९३८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या समुद्रकिनाऱ्यावर वॉल्टर मॉरिसन हा तरुण केक भाजण्याची थाळी फेकत होता. ती थाळी पाच सेंटची होती. एका माणसाने तिच्यासाठी पंचवीस सेंट देऊ केले. मॉरिसनच्या मनात विचार आला, की यातून चांगला धंदा होऊ शकेल. पुढे त्याने प्लॅस्टिकची चकती तयार केली. १९५७ मध्ये एका खेळणी बनवणाऱ्या कंपनीने ती बाजारात आणली आणि तिला ‘फ्रिस्बी’ हे नाव मिळाले.

या चकतीचा गोल्फसारखा खेळ करण्याचे श्रेय मुख्यतः एड हेड्रिक यांना दिले जाते. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातील ओक ग्रोव्ह या उद्यानात त्यांनी पहिले कायमचे मैदान आखले. सुरुवातीला चकती खांबाला लागली, की तो डाव पूर्ण होई. पण त्यातून वाद होऊ लागले. एक म्हणे, “लागली!” दुसरा म्हणे, “नाही लागली!” मग हेड्रिक यांनी खांबाभोवती लोखंडी साखळ्या टांगल्या आणि त्यांच्याखाली जाळीची टोपली बसवली. चकती साखळ्यांवर आपटते, तिचा वेग मोडतो आणि ती टोपलीत पडते. चकती टोपलीत असेल तर आहे, नसेल तर नाही. वाद घालायला जागाच उरली नाही. या टोपलीचे पेटंट त्यांना १९७७ मध्ये मिळाले. आज जगभर अशाच टोपल्या दिसतात.

खेळाचा नियम सोपा आहे. ठरलेल्या जागेवरून चकती टोपलीच्या दिशेने फेकायची. ती जिथे थांबेल, तेथून पुढची फेक करायची. टोपलीपासून जो सर्वांत दूर असेल, त्याची पाळी आधी. सर्व टोपल्या मिळून ज्याच्या फेकी सर्वांत कमी, तो विजयी. मोठ्या मैदानावर अठरा टोपल्या असतात, लहान मैदानावर नऊ. चकत्या साधारणपणे तीन प्रकारच्या असतात. पातळ, धारदार कडेची चकती लांब जाते. जाड कडेची चकती सावकाश व सरळ जाते. ती टोपलीत टाकण्यासाठी वापरतात. मधल्या अंतरासाठी मधली चकती. बहुतेक चकत्यांचे वजन १५० ते १८० ग्रॅम असते.

युरोपच्या उत्तरेला समुद्रात आइसलंड नावाचा बेटांचा देश आहे. तेथील लोकसंख्या चार लाखांच्या आसपास आहे, तरी तेथे चकतीगोल्फची पन्नासहून अधिक मैदाने आहेत. राजधानी रेक्याविक येथील क्लाम्ब्रातून या उद्यानात नऊ टोपल्यांचे असे एक मैदान आहे. लहान गावांतही एखाद्या गवताळ उतारावर टोपल्या उभ्या केलेल्या आढळतात. बहुतेक ठिकाणी प्रवेशाला पैसे पडत नाहीत. जून महिन्यात तेथे रात्रीही पुरता अंधार होत नाही, त्यामुळे जेवण झाल्यावरही लोक खेळायला निघतात.

या देशात झाडे फार कमी आहेत. उघड्या टेकडीवर वाऱ्याला अडवणारे काहीच नसते. ज्या मैदानात झाडे असतात, तेथे खेळाडूला झाडे चुकवावी लागतात. येथे एकही झाड आडवे येत नाही. टोपली समोर स्वच्छ दिसते. पाहणाऱ्याला वाटते, यात काय कठीण आहे? पण पहिली चकती हातातून सुटली, की वाऱ्याचे अस्तित्व कळते.

चकती हवेत टिकते ती दोन गोष्टींमुळे. एक म्हणजे तिचा वेग. पुढे जाताना तिच्या आकारामुळे हवा तिला वर उचलते. दुसरी गोष्ट म्हणजे तिचे फिरणे. भोवरा फिरत असतो तोवर उभा राहतो, फिरणे मंदावले की डोलू लागतो. चकतीचेही तसेच आहे. उजव्या हाताने, हात छातीजवळून बाहेर नेत फेकलेली चकती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते आणि वेग कमी होताच शेवटी डावीकडे वळते.

आता वारा समोरून येत आहे, असे समजा. चकतीला हवा अधिक जोराने लागते. त्यामुळे ती वर चढते आणि उजवीकडे कलंडू लागते. अशा वेळी नवखा खेळाडू अधिक जोर लावतो आणि चकती आणखी भरकटते. अनुभवी खेळाडू जड चकती घेतो, ती खालून फेकतो आणि जोर मुद्दाम कमी ठेवतो. वारा पाठीमागून असेल, तर उलटे घडते. हवेचा आधार कमी होतो आणि चकती लवकर खाली बसते. तेव्हा हलकी चकती घेऊन ती थोडी उंच फेकतात. बाजूच्या वाऱ्यात चकती कशी कलली आहे, याला महत्त्व असते. तिच्या खालच्या अंगाला वारा लागला, तर तो तिला उचलून दूर नेतो. वरच्या अंगाला लागला, तर जमिनीवर दाबतो. म्हणून फेकण्यापूर्वी खेळाडू चिमूटभर गवत सोडून वाऱ्याचा अंदाज घेतात. पतंग उडवणाऱ्यांना ही युक्ती नवी नाही. वाऱ्याचा झोत ओसरेपर्यंत थांबावेसे वाटते. पण नियमाप्रमाणे पाळी आल्यावर तीस सेकंदांत चकती फेकावी लागते.

वाऱ्याच्या जोडीला टेकडीचा उतार असतो. खाली फेकलेली चकती हवेत जास्त वेळ राहते, म्हणून वाऱ्याला तिच्याशी खेळायला जास्त वेळ मिळतो. वर फेकलेली चकती लवकर जमिनीला टेकते. त्यातच ती कडेवर पडली, तर चाकासारखी घरंगळत खाली येते आणि कधीकधी फेकणाऱ्याच्याही मागे जाऊन थांबते!

या टेकड्यांवर उन्हाळ्यात लुपिन नावाची निळी-जांभळी फुले दाट फुलतात. वाऱ्याने धूप होणारी जमीन वाचवण्यासाठी १९४५ मध्ये हे झाड आइसलंडमध्ये आणले गेले. त्या दाटीत चकती पडली, की दिसेनाशी होते. शोधायला तीन मिनिटे मिळतात. तेवढ्यात ती सापडली नाही, तर एक फेक दंड म्हणून वाढते. म्हणूनच चकत्या भडक रंगाच्या असतात आणि अनेक खेळाडू त्यांवर आपले नाव लिहून ठेवतात.

टेकडीवर खरा कस लागतो तो टोपलीजवळ. समजा, टोपली दहा मीटरवर आहे, वारा समोरून आहे आणि टोपलीमागे तीव्र उतार आहे. चकती टोपलीत गेली तर एक फेक वाचते. हुकली तर ती उतारावरून खाली जाते आणि दोन-तीन फेकी वाढतात. शहाणा खेळाडू अशा वेळी मोह आवरतो. तो चकती अलगद टोपलीजवळ ठेवतो आणि पुढच्या फेकीत काम पूर्ण करतो. ही भित्रेपणाची खूण नव्हे. वाऱ्याशी भांडून जिंकता येत नाही, हे त्याने ओळखलेले असते.

या खेळातील आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. नेहमीच्या खेळात येथे पंच नसतो. शिट्टी वाजवणारा कोणी नसतो. लुपिनच्या झुडपात कोणी किती फेकी केल्या, हे सोबत्यांना दिसेलच असे नाही. तरी प्रत्येकाने आपला आकडा खरा सांगायचा असतो. समोरून फिरायला आलेली माणसे जात असतील, तर ती पुढे जाईपर्यंत थांबायचे असते. चकती चुकून कोणाच्या दिशेने गेली, तर मोठ्याने ओरडून इशारा द्यायचा असतो. मैदान सर्वांचे आहे, हे विसरून चालत नाही.

टोपलीवरच्या साखळ्यांनी एक वाद मिटवला. पण सगळेच वाद लोखंडाच्या साखळ्यांनी मिटत नाहीत. चार फेकी झाल्या असताना ‘तीन’ म्हणायचे की ‘चार’, हे ज्याचे त्यालाच ठरवावे लागते. वाऱ्याने चकती भरकटली, तर खेळाडूला कोणी दोष देत नाही. मात्र आकडा भरकटला, तर त्याचा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही.

शब्दार्थ

भिरकावणे – जोराने फेकणे
कलणे – एका बाजूला झुकणे
कलंडणे – एका बाजूला पडू लागणे
भरकटणे – वाट सोडून जाणे
घरंगळणे – गोल फिरत खाली जाणे
झोत – जोराचा प्रवाह
धूप – वाऱ्याने किंवा पाण्याने माती निघून जाणे
कस लागणे – परीक्षा होणे
मोह आवरणे – हवेसे वाटत असूनही स्वतःला थांबवणे

स्वाध्याय

प्रश्न १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पहिले कायमचे मैदान कोणत्या उद्यानात आखले गेले?
(आ) पाळी आल्यावर किती वेळात चकती फेकावी लागते?
(इ) आइसलंडमध्ये लुपिनचे झाड कशासाठी आणले गेले?

प्रश्न २. कारणे लिहा.
(अ) हेड्रिक यांनी खांबाला साखळ्या व टोपली बसवली.
(आ) समोरच्या वाऱ्यात अनुभवी खेळाडू जड चकती घेतो.
(इ) चकत्या भडक रंगाच्या असतात.

प्रश्न ३. ‘आकडा भरकटला, तर त्याचा दोष वाऱ्यावर टाकता येत नाही,’ या वाक्याचा अर्थ चार-पाच वाक्यांत लिहा.

प्रश्न ४. पुढील शब्द उर्दूतही आहेत. त्यांचे मराठीतील लिंग लिहा. उर्दूतील लिंगाशी तुलना करा.
मैदान, हवा, अंदाज, वजन, बाजू, इशारा

प्रश्न ५. विरुद्धार्थी शब्द लिहा.
जड, उतार, अनुभवी, पातळ

उपक्रम : जाड पुठ्ठ्याची गोल चकती कापा. मोकळ्या जागेत ती वाऱ्याच्या दिशेने, वाऱ्याच्या विरुद्ध आणि आडव्या वाऱ्यात फेकून पाहा. काय फरक दिसला, ते वहीत लिहा.