अवधान आणि आख्यान

पंडित मदनमोहन मालवीय यांनी १९१६ मध्ये काशी हिंदू विश्वविद्यालयाची स्थापना केली. देशाच्या नाना भागांतील विद्यार्थी आज तेथे पदव्युत्तर अध्ययन व संशोधन करितात. परंतु विद्या जितकी मोठी, तितकी तिची चिंताही मोठी. प्रबंध पुरा होत नाही, घरची माणसे अर्थार्जनाची वाट पाहतात, बरोबरीचे पुढे निघून जातात. मग ग्रंथ उघडा असतो आणि दृष्टी एकाच ओळीवर खिळलेली असते. गात्रे गळणे, तोंडास कोरड पडणे, मन भ्रमणे ही अर्जुनाची लक्षणे अशा विद्यार्थ्यास परकी नसतात. त्याला आधार कसा द्यावा?

भागवताच्या एकादश स्कंधात उद्धव म्हणतो, दुर्जनांनी केलेला अपमान सोसणे विद्वानांसही कठीण आहे. भगवंत त्याला नुसता नियम सांगत नाहीत. एक आख्यान सांगतात. अवंती नगरीच्या कृपण ब्राह्मणाचे धन गेले, आप्तांनी त्याला टाकिले. तो भिक्षू झाला. लोक त्याचा दंड व कमंडलू हिसकावीत, त्याची विटंबना करीत. तेव्हा त्याने शोध केला : माझ्या दुःखाचे कारण ही माणसे, की ग्रह, की काळ? अखेर त्याची दृष्टी स्वतःच्या मनावर स्थिरावली. हे आख्यान नाथांनी मराठीत आणिले, आणि तो ग्रंथ शके १४९५ (इ. स. १५७३) मध्ये काशीतच पूर्ण झाला.

येथे एक सूक्ष्म गोष्ट लक्षात घ्यावी. ‘मनच कारण’ हे भिक्षूने स्वतःविषयी म्हटले. त्याला छळणाऱ्यांनी नव्हे. मार्गदर्शकाने तेच वाक्य पीडित विद्यार्थ्याला ऐकविणे हा उपदेश नसून निष्ठुरता होय. अन्याय असेल तेथे तो दूर केलाच पाहिजे. गीतेच्या पहिल्या अध्यायात अर्जुन आपला विषाद बोलत असता भगवंतांनी मध्ये एक शब्द उच्चारिला नाही. आधी श्रवण, मग बोध.

या श्रवणाचे आपल्या भाषेतील नाव अवधान. ज्ञानदेव नवव्या अध्यायाच्या प्रारंभी श्रोत्यांकडे तेच मागतात. काशीजवळच्या सारनाथ येथे बुद्धांनी उपदेशिलेल्या अष्टांगमार्गातील सम्यक् स्मृतीही याच जातीची. ध्यानात जे अवधान आपण श्वासाला देतो, तेच कथेत दुसऱ्याच्या दुःखाला देतो.

म्हणून प्रयोग असा करावा. आठवड्यातून एकदा पाच-सहा विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. प्रथम काही वेळ श्वासाकडे लक्ष द्यावे. मन निसटेल, सहाव्या अध्यायाच्या सव्विसाव्या श्लोकात सांगितल्याप्रमाणे ते जेथे जाईल तेथून परत आणावे, त्याला दोष देऊ नये. नंतर एकाने पुराणातील अथवा स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगावा. इतरांनी तो ऐकावा. न मागता सल्ला देऊ नये. आपले दुःख कथारूपाने सांगताना मनुष्य क्षणभर त्याचा साक्षी होतो, आणि ते ऐकले गेल्याने एकाकीपण उणावते.

मात्र या साधनाची मर्यादाही जाणावी. झोप उडाली, अन्न तुटले, जीव नकोसा झाला, तर विलंब न लावता वैद्यकीय साहाय्य घ्यावे. भारत सरकारची २०२२ मध्ये सुरू झालेली ‘टेली-मानस’ सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र विनामूल्य मिळते.

मननासाठी : या आठवड्यात एखाद्या विद्यार्थ्याचे बोलणे मध्ये न अडविता शेवटपर्यंत ऐकावे, आणि त्या वेळी आपले मन किती वेळा उत्तर देण्यास धावले ते पाहावे.