चोरखमारा ते हाजरा: थंडीतला शनिवार-रविवार

चोरखमारा म्हटलं की भटक्यांना आठवतं ते नागझिऱ्याचं प्रवेशद्वार. तिरोडा तालुक्यातल्या या गावाकडून अभयारण्यात शिरता येतं, पण गाडीतून आणि गाइडसोबत. आत पायी भटकायची मुभा नाही. चालायची हौस असेल तर गोंदिया जिल्ह्याच्या पूर्व टोकाला, सालेकसा तालुक्यातला हाजरा धबधबा गाठावा. शनिवार जंगलाला, रविवार धबधब्याला, असा बेत छान बसतो.

कधी जावं? हाजऱ्याचं पाणी पावसावर अवलंबून. पावसाळ्यात तो दणदणाट करतो, पण दगड निसरडे असतात आणि गर्दीही उसळते. दिवाळी झाली की पाणी नितळ होतं, वाटा वाळतात. जसजशी थंडी सरते तशी धार बारीक होत जाते. म्हणून नोव्हेंबर ते डिसेंबरचा पूर्वार्ध उत्तम. जानेवारीत धबधब्यापेक्षा कातळ जास्त दिसेल, हे धरूनच निघा.

कसं जावं? गोंदिया-डोंगरगड मार्गावर आमगाव, सालेकसा आणि मग दरेकसा. छत्तीसगडची हद्द लागण्याआधीचं हे शेवटचं स्टेशन. धबधबा इथून जवळच आहे. सगळ्या गाड्या इथे थांबत नाहीत, तेव्हा परतीच्या लोकलची वेळ आधी पाहून ठेवा. जवळची वाट म्हणून रुळांवरून किंवा बोगद्यातून अजिबात जाऊ नका. ही मुंबई-हावडा लाइन आहे, गाड्या सारख्या धावतात.

वाट सोपी आहे, मुलाबाळांना झेपेल अशी. दोन्ही बाजूंना साग, मोह, बांबू. पायाखाली सागाची वाळकी पानं मोडत राहतात. त्यांच्याखाली दगड दडलेले असतात, म्हणून चपलेऐवजी बूट बरे. धबधब्यापाशी कातळ नीट पाहा: वाळलेल्या शेवाळाचे काळे पट्टे दिसतात, ते पावसाळ्यातल्या धारेची रुंदी सांगतात. झिरप असलेला हिरवा दगड मात्र थंडीतही घसरवतो. डोह शांत दिसला तरी उतरू नका, खोली वरून कळत नाही. कड्याला आग्या मोहोळ दिसलं तर धूर, अत्तर, आरडाओरडा टाळा.

वेळेचं गणित पुण्या-मुंबईकरांनी खास ध्यानात घ्यावं. गोंदिया राज्याच्या पूर्व टोकाला. डिसेंबरात इथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, मुंबईच्या अर्धा तास आधीच. चारला परतीला लागा. विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव नेहमी असतं, तेव्हा पहाटेसाठी स्वेटर, कानटोपी हवीच. पाणी, डबा आणि कचऱ्याची पिशवी सोबत ठेवा.

जोडून काय? चोरखमाऱ्याच्या तलावावर थंडीत पाहुणी बदकं उतरतात. सकाळी दुर्बीण घेऊन काठावर बसा. धानाच्या बांध्यांतून जाताना नजर उघडी ठेवा: राज्यात सारस उरले आहेत ते मुख्यतः याच जिल्ह्यात. दिसलेच तर रस्त्यावरूनच पाहा, शेतात शिरू नका. दरेकशाजवळच कचारगडची विशाल गुहा आहे. गोंड समाजाचं ते श्रद्धास्थान. माघ पौर्णिमेला तिथे मोठी यात्रा भरते. निवांत पाहायचं असेल तर यात्रेचे दिवस वगळा, आणि देवस्थानात वागावं तसं वागा.

सफारीचं बुकिंग आणि साप्ताहिक सुट्टीचा वार पाहूनच तिकिटं काढा.