टर्बो गाडीला इंटरकूलर बसविणे : काम, काळजी आणि सचोटी

आपल्या समाजातील अनेक तरुण उस्तादाच्या हाताखाली काम शिकून मोटार दुरुस्तीच्या धंद्यात उतरले आहेत. कुणाचे हमरस्त्यावर मोठे गॅरेज आहे, तर कुणी घरासमोरच्या अंगणात पत्रा टाकून काम करतो. या मिस्त्री बंधूंकडे अलीकडे एक मागणी वरचेवर येते : "गाडीला बाहेरचा इंटरकूलर बसवून द्या, पिकअप वाढला पाहिजे." कामात मजुरी चांगली सुटते. परंतु ते नीट समजून न केल्यास गिऱ्हाइकाचे इंजिन आणि आपले नाव, दोन्ही जातात. म्हणून या आठवड्यात या कामाची माहिती देत आहोत.

इंटरकूलर म्हणजे काय?

धुराच्या जोरावर फिरणाऱ्या टर्बोने इंजिनात जास्त हवा कोंबण्याची कल्पना स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूची यांनी १९०५ साली पेटंट घेऊन मांडली. हवा दाबली की ती तापते. सायकलच्या पंपाचे तोंड गरम होते, तोच हा प्रकार. बाहेर ३५ अंश तापमान असताना टर्बोने एक बार, म्हणजे सुमारे साडेचौदा पौंड दाब दिला, तर टर्बोतून निघणारी हवा १३० अंशांच्या आसपास पोहोचते. तापलेली हवा फुगते, म्हणून तेवढ्याच जागेत ती कमी मावते. टर्बो आणि इंजिन यांच्यामध्ये रेडिएटरसारखी जाळी बसवून ही हवा थंड करायची, यालाच इंटरकूलर म्हणतात. १३० अंशांची हवा ६० अंशांवर आणली आणि दाब घटू दिला नाही, तर तेवढ्याच जागेत सुमारे एक पंचमांश जास्त हवा मावते. टेम्पो-ट्रकच्या इंजिनावर 'टीसी' आणि 'टीसीआयसी' अशी अक्षरे आपण पाहतो. पहिल्यात फक्त टर्बो असतो, दुसऱ्यात टर्बो व इंटरकूलर दोन्ही असतात.

गिऱ्हाइकाला आधी काय सांगावे?

इथेच सचोटीची पहिली परीक्षा आहे. जास्त हवा म्हणजे आपोआप जास्त ताकद नव्हे. डिझेल इंजिनात ताकद येते ती डिझेल जळाल्याने. नुसता इंटरकूलर बसविला तर धूर कमी होतो, चढणीवर इंजिन कमी तापते, ओढ थोडी सुधारते, एवढेच. पेट्रोल इंजिनात थंड हवेमुळे ठोके मारण्याचा धोका कमी होतो. ज्या गाडीला कारखान्यातूनच चांगला इंटरकूलर आहे, तिला मोठा बसवून रोजच्या वापरात फारसा फरक पडत नाही. उलट पाइप व जाळी मोठी झाली की ती भरायला वेळ लागतो आणि गाडी पाय दाबल्यावर उशिरा उचलते.

एक जुने उदाहरण घ्या. १९७५ च्या पोर्शे ९११ टर्बोला इंटरकूलर नव्हता. १९७८ च्या मॉडेलला तो मागच्या पंखाखाली बसविला आणि ताकद २६० वरून ३०० अश्वशक्तीवर गेली. इंटरकूलर विकणारे एवढेच सांगतात. त्याच वेळी इंजिनही ३.० लिटरचे ३.३ लिटर केले होते, हे सांगत नाहीत. अर्धे खरे सांगून माल खपविणे हा आपला मार्ग नव्हे.

नवीन भारत स्टेज ६ च्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांत हवेचा सारा हिशेब सेन्सर व संगणक ठेवतात. त्यांना घरगुती कामात हात लावू नये. हे काम जुन्या, साध्या टर्बो गाड्यांचे आहे.

कायद्याची बाजूही सांगावी. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच नियम कडकपणे सांगितला आहे. म्हणून कामापूर्वी मालकाने आरटीओकडे विचारणा करावी आणि विमा कंपनीला लेखी कळवावे. वॉरंटीतील गाडी असेल तर काम घेऊच नये.

माल निवडताना

पहिल्याने गाडी तपासा. एअर फिल्टर चोंदलेला, टर्बोची दांडी हलणारी किंवा पाइपात तेल साचलेले असेल, तर आधी ती दुरुस्ती करा. अनेकदा तेवढ्यावरच पिकअप परत येतो आणि इंटरकूलरची गरज राहत नाही. असे झाल्यास गिऱ्हाइकाला तसे सांगून परत पाठवावे. आज मजुरी कमी मिळेल, पण तो माणूस दहा जणांना आपले नाव सांगेल.

भंगार बाजारातून इंटरकूलर घ्यावयाचा असल्यास फार जपावे. ज्या गाडीतून तो निघाला तिचा टर्बो फुटलेला असू शकतो. तशा जाळीत धातूचे कण व तेल अडकून राहते. कण इंजिनात गेले तर पिस्टन व सिलिंडर खरवडतात. जास्त तेल गेले तर डिझेल इंजिन तेच जाळून आपोआप पळू लागते आणि किल्ली बंद करूनही थांबत नाही. जाळी रॉकेलने अनेकदा धुवावी, नंतर साबणाच्या गरम पाण्याने धुवावी, दोन्ही बाजूंनी हवा मारावी आणि पूर्ण वाळू द्यावी. धातूचा एक जरी कण बाहेर पडला तरी ती जाळी वापरू नये.

मोठी जाळी म्हणजे चांगली जाळी असे नाही. पुठ्ठ्याचा साचा कापून तो बंपरच्या आत धरून पाहावा. रेडिएटर व एसीच्या जाळीची सगळी हवा अडली तर उन्हाळ्यात इंजिन उकळेल. बंपरमागची लोखंडी आडवी पट्टी अपघातात जीव वाचविण्यासाठी असते. ती कापून जागा करू नये.

काम कसे करावे?

१. इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. बॅटरीची वजा वायर काढावी. गाडी नुसत्या जॅकवर न ठेवता घोडीवर ठेवावी.

२. जुना पाइप काढताच टर्बोचे व इंजिनाचे तोंड स्वच्छ कापडाने बंद करावे. किती कापडे कोंबली ते लिहून ठेवावे आणि शेवटी मोजून काढावीत. एक छोटा नट आत गेला तर टर्बो संपला.

३. इंटरकूलर गाडीच्या बॉडीला रबरी बुश घालून बसवावा, इंजिनाला नव्हे. इंजिन हलते, बॉडी हलत नाही. दोघांना जोडणाऱ्या पाइपात होजचा लवचीक तुकडा असलाच पाहिजे, नाहीतर जाळीचे टाके तुटतात.

४. पाइप शक्यतो ॲल्युमिनियमचा घ्यावा आणि वळणे कमीत कमी ठेवावीत. लोखंडी पाइप असेल तर वेल्डिंगची खपली आतून साफ काढावी. प्रत्येक टोकाला बाहेरून कडा उठविलेली असावी, म्हणजे होज निसटत नाही.

५. होज टर्बोसाठी बनविलेली, तेल सहन करणारी, कापडाचे थर असलेली सिलिकॉनची घ्यावी. पाण्याची रबरी होज कधीही वापरू नये. क्लिप साध्या स्क्रूची न घेता टी-बोल्टची घ्यावी आणि ती उठविलेल्या कडेच्या मागे बसवावी.

६. हवेचा दाब व तापमान मोजणारे सेन्सर असतील तर ते मूळ जागीच ठेवावेत. कोणताही पाइप पंख्याला, बेल्टला किंवा धुराच्या नळीला लागत नाही हे हाताने चाचपून पाहावे.

७. डिझेल पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवू नये. धूर वाढतो, टर्बो तापतो आणि पीयूसीत गाडी नापास होते.

गळती तपासल्याशिवाय गाडी देऊ नये

इंटरकूलर व पाइप जोडून दोन्ही टोकांना पक्के बूच लावावे, एका बुचाला हवेचा वॉल्व्ह बसवावा आणि कॉम्प्रेसरने हळूहळू १५ पौंडांपर्यंत हवा भरावी. बुचासमोर कुणीही उभे राहू नये. प्रत्येक सांध्यावर साबणाचे पाणी लावावे. जिथे बुडबुडा, तिथे गळती. दाब पाच मिनिटे टिकला पाहिजे. त्यानंतर बुचे काढून पाइप टर्बो व इंजिनाला जोडावेत आणि ते दोन शेवटचे सांधे इंजिन चालू करून पाहावेत. मग गाडी रस्त्यावर न्यावी. शंभर किलोमीटरनंतर सगळ्या क्लिपा पुन्हा आवळून द्याव्यात आणि त्याची वेगळी मजुरी घेऊ नये.

हे मी ऐकीव सांगत नाही. कित्येक वर्षांपूर्वी मी एका गिऱ्हाइकाच्या जीपला इंटरकूलर बसविला. सिलिकॉनची होज मिळाली नाही, म्हणून एका सांध्याला रेडिएटरची रबरी होज लावली. पाइपाच्या टोकाला कडाही उठविली नव्हती. सांधा बंपरच्या मागे होता, कुणाला दिसणार नव्हता. ईदच्या आदल्या रात्री तो गृहस्थ बायका-मुलांना घेऊन मुंबईहून गावी येत असताना कशेडी घाटात ती होज निसटली. काळा धूर निघू लागला, गाडी चढेना. मी पहाटे पोहोचलो तेव्हा मुले रस्त्याच्या कडेला झोपली होती. टर्बोच्या तेलाने होज फुगून मऊ पडली होती. मी मजुरी परत देऊ केली, ती त्याने घेतली नाही. पण त्यानंतर त्याची गाडी माझ्या दारात पुन्हा आली नाही.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घातला, तेव्हा आतले धान्य ओले लागले. पावसाने भिजल्याचे व्यापाऱ्याने सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे आपण विचारले आणि फसवणूक करणाऱ्याशी नाते नाकारले. ही हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे आणि आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. पण ती फक्त धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी आहे असे आपण समजतो. बंपरच्या मागचा तो सांधा हे माझे ओले धान्य होते.

म्हणून मिस्त्री बंधूंनी तीन गोष्टींची सवय लावून घ्यावी. एक, मालाची किंमत व मजुरी वेगवेगळी लिहून आधीच अंदाजपत्रक द्यावे. दोन, वापरलेला माल जुना असेल तर तसे कागदावर लिहावे आणि गाडीतून काढलेला भाग मालकाला परत द्यावा. तीन, बंपर चढविण्यापूर्वी गिऱ्हाइकाला बोलावून प्रत्येक सांधा दाखवावा, साबणाच्या पाण्याची परीक्षा त्याच्यासमोर करावी. जो मिस्त्री झाकण्यापूर्वी दाखवितो, त्याच्या कामाची हमी त्याला तोंडाने द्यावी लागत नाही.

अल्लाह आपल्या हातांच्या कमाईत बरकत देवो.