यात्रेतील ‘फुकट’ तमाशा

पनवेलच्या वासुदेव बळवंत फडके नाट्यगृहात तिकीट काढून बसणाऱ्या आपणां विद्यार्थ्यांस फुकटचा खेळ म्हटला की तो सुमारच असणार, असे वाटते. घाटावरील यात्रांतला तमाशा मात्र निराळाच हिशेब मांडतो.

गुढीपाडव्याच्या सुमारास पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावी (विठाबाईंचे नारायणगाव ते हेच) फडमालक राहुट्या टाकतात. गावोगावचे यात्रापंच तेथे येतात. फडात माणसे किती, सोंगाड्या कोण, याची चौकशी करतात. घासाघीस होते व सुपारी ठरते. पाहणाऱ्यास त्या रात्री दमडी पडत नाही, कारण गावाने घरटी वर्गणी आधीच काढलेली असते. म्हणजे प्रेक्षक हाच यजमान! गण, गौळण, बतावणी, वग असा रात्रभर खेळ करूनही सकाळी पुन्हा हजेरीची गाणी म्हणावी लागतात, ती माझ्या मते याच यजमानपणामुळे.

सुपारीचा दर कलेइतकाच तिथीवरही ठरतो. चैत्री पौर्णिमेच्या आसपास अनेक गावांच्या यात्रा एकदमच येतात, तेव्हा फडाला भाव चढतो. आडतिथीला तोच फड स्वस्तात मिळतो. पावसाळ्यात खेळ बंद, पण पोटे चालूच. त्यासाठी कलावंत मालकाकडून आणि मालक सावकाराकडून उचल घेतो. चैत्र-वैशाखाच्या मिळकतीवर ती फेडण्याचा भरवसा असतो.

२०२० व २०२१ साली कोरोनामुळे यात्राच भरल्या नाहीत. सुपाऱ्या गेल्या, घेतलेली उचल तेवढी अंगावर राहिली.