पालखी हलते, पाहुणा हलत नाही

ज्ञानेश्वर माउलींची पालखी धर्मपुरीला सोलापूर जिल्ह्यात शिरते. नातेपुत्याचा मुक्काम, पुरंदावड्याचं रिंगण आणि मग एक रात्र माळशिरसला. सकाळी ती खुडूसच्या रिंगणाकडे, पुढे वेळापूरला निघते.

प्रस्तुत लेखकाच्या घरी त्या रात्री दिंडीतली माणसं उतरतात. त्यांचा जाच कधीच झाला नाही. हरिपाठ झाला, पिठलं-भाकरी झाली, की पडवीत आडवी होतात आणि पहाटे अंघोळ उरकून चालू लागतात. ‘तुम्ही गप्प का?’ असं कुणी विचारत नाही.

जाच आहे तो पालखी ‘बघायला’ पुण्याहून येणाऱ्या आत्तेभावाचा. पालखी वेळापूरला पोचते, याची गाडी मात्र अंगणातच. गेल्या आषाढीला लेखक थकून माडीवर टेकायला गेला, तर त्याच्या अंथरुणावर आत्तेभावाचे मित्र पत्ते कुटत बसलेले, उशाची पुस्तकं जमिनीवर. खोली परस्पर देऊन साहेब खाली सांगत होते, “त्याला काय विचारायचं? माणूसघाणा आहे. कोपरा दिला की झालं!” सगळे हसले. ज्या घरचं खाल्लं, त्याच घरात! न बोलणाऱ्याची खोली आणि झोप सार्वजनिक मालमत्ता समजतात, हे तेव्हा कळलं.

माणूसघाणा कसला? कार्ल युंगने 1921 मध्येच अंतर्मुख आणि बहिर्मुख हे स्वभाव मांडून ठेवलेत. धारवाडचे जी. ए. कुलकर्णी भेटीगाठी टाळायचे, पण त्यांच्या पत्रांचे खंड निघाले. माणसं हवीच असतात, आपल्या बेताने.

तेव्हा अबोल मंडळींनो, मुक्काम किती ते फोनवरच ठरवा. दारात आलेल्याला सांगता येत नाही. कारणं देऊ नका. डोकं दुखतंय म्हटलं की बाम येतो, माणूस जात नाही. “मी आता तासभर वर आहे,” एवढंच सांगा. गर्दीत पाणीवाटपाचं काम धरा, हात चालतात आणि गप्पा माराव्या लागत नाहीत. झोप पुरेशी घ्या, ‘नाही’ म्हणायला शिका वगैरे सगळे सांगतातच.

आणि खोलीला कुलूप लावून किल्ली स्वतःच्या खिशात ठेवा. आत्तेभाऊ रुसलाय म्हणे. रुसू दे.